वजनकाटा, कंबर आणि हृदयविकार

अंगाने सडसडीत असलेल्या माणसाला काही होत नाही, अशी एक समजूत आपल्या समाजात दृढ झालेली आहे. हृदयविकार हा बसून खाणाऱ्यांचा, पोट सुटलेल्यांचा रोग. चार बांध्या कसून, उन्हातान्हात राबून वाढलेल्या माणसाचा तो नव्हेच, असे आपण धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चालत होतो. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. तेव्हा अशा विषयावर स्मरणिकेत लिहिण्याचा अधिकार आम्हाला कितपत पोचतो, असा प्रश्न वाचक बंधुभगिनींच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. त्याचे उत्तर म्हणून प्रथम एक प्रसंग सांगतो.

आमच्या शेजारच्या काउंटरवर बसणारे एक सहकारी आहेत. घटना घडली तेव्हा त्यांचे वय ४३ होते. अंगकाठी अशी की पट्ट्याला दोन जादा भोके पाडून घ्यावी लागत. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांना छातीत जळजळ होऊ लागली. सकाळी आलुबोंडा खाल्ला होता, त्याचाच गॅस झाला असावा असे सर्वांचे मत पडले. ते स्वतः म्हणाले, "जबडा पण दुखून रायला." आम्ही हसून म्हणालो, "भाऊ, तुमाले काय होते? तुमी त काडी होय!" सोडा आणून देणारे आम्हीच होतो. असे दोन तास गेले. शेवटी त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला एका खातेदार बाईंनी पाहिला, त्या ओरडल्या, तेव्हा कुठे आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. तेथे हृदयाचा आलेख निघाला आणि रात्रीतून नागपूर गाठावे लागले. दोन स्टेंट बसले. जीव वाचला, पण त्या दोन तासांत हृदयाच्या स्नायूचा जो भाग गेला तो गेलाच.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांचा सदरा वर करायला लावला आणि आम्हाला दाखवले. हातपाय काटकुळे, छाती सपाट, आणि मधोमध लहानसे गोल पोट. कपड्यांत ते कधी दिसलेच नव्हते. रक्तातील साखरही बरीच वाढलेली निघाली. ती त्यांनी आयुष्यात कधी तपासली नव्हती. का तपासावी? वजन तर ६० किलोच्या आत होते!

तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यातले जे नीट समजले तेवढेच येथे मांडतो.

लठ्ठपणा मोजण्याचे जे माप आज सर्वत्र वापरतात त्याला बीएमआय म्हणतात. विद्यार्थी मित्रांना ते सहज काढता येईल. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उदाहरणार्थ आमची उंची १ मीटर ६८ सेंटीमीटर आणि वजन ६६ किलो. १.६८ चा वर्ग २.८२, त्याने ६६ ला भागले की २३.४ येतात. हे गणित बेल्जियमच्या ॲडॉल्फ क्वेटलेट या संख्याशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात मांडले. तो वैद्य नव्हता, आणि त्याला हृदयरोगाशी कर्तव्यही नव्हते. 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्याला शोधायचे होते. पुढे १९७२ साली अमेरिकेतील अँसेल कीज यांनी त्याच गणिताला बीएमआय हे नाव दिले व ते जगभर रूढ झाले. सोपे आहे, काटा आणि मोजपट्टी असली की झाले. म्हणून ते टिकले.

पण यात एक मोठी गोम आहे, आणि ती बँकेतल्या माणसाला चटकन समजते. दोन खातेदारांच्या पासबुकात शेवटी सारखीच शिल्लक दिसते, म्हणजे दोघांची ऐपत सारखी असे होत नाही. एकाची ती घामाची बचत असते, तर दुसऱ्याच्या खात्यात कालच कर्जाची रक्कम जमा झालेली असते. शिल्लक एकच, पण तिच्या पोटात काय आहे हे वेगळे. शरीराच्या वजनाचेही तसेच आहे. काट्यावर जो आकडा दिसतो त्यात हाडे आहेत, पाणी आहे, स्नायू आहेत आणि चरबी आहे. काटा हे चार वेगळे करून सांगत नाही. कोणत्या घटकाचा हिस्सा किती, आणि त्यातही चरबी शरीराच्या कोणत्या भागात साठली आहे, यावर हृदयाच्या धोक्याचा बराच हिशेब अवलंबून असतो.

या बाबतीतले सर्वांत बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचे संशोधक. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत मधुमेही माणूस प्रौढ आणि लठ्ठ असतो. पुण्यात त्यांच्यापुढे येणारे रुग्ण मात्र त्याहून तरुण आणि अंगाने बारीक असत. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३, म्हणजे पुस्तकाप्रमाणे दोघेही उत्तम. नंतर खास क्ष-किरण यंत्राने दोघांच्या शरीरातील चरबी मोजली. युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून त्यांनी त्या टिपणाला 'वाय-वाय विरोधाभास' असे गमतीचे नाव दिले. एका पानाचा तो मजकूर, पण भारतीय माणसाच्या शरीराविषयी त्याने जगाला जे दाखवले ते मोठमोठ्या ग्रंथांनी दाखवले नव्हते. स्वतःच्या पोटावरची चरबी असा जाहीर पुरावा म्हणून मांडायला मोठे मन लागते, असे आम्हाला वाटते.

अशा शरीराला 'थिन-फॅट' म्हणतात, म्हणजे वरून बारीक आणि आतून चरबीयुक्त. आता हे कोठून येते? आपण म्हणू, बैठे काम आणि तेलकट खाणे. ते खरेच आहे, पण पुरते खरे नाही. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या सहाशेहून अधिक बाळांची मापे घेतली आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांशी ताडून पाहिली. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. तिकडच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, आपल्या बाळांचे २.७ किलो. बाळ लहान म्हणजे त्याचे सगळेच प्रमाणात लहान असेल असे कोणालाही वाटेल. तसे नव्हते. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. म्हणजे ज्याला आपण कुपोषित, हडकुळे बाळ म्हणतो, तेसुद्धा स्नायू गमावून आणि चरबी राखून जन्माला आलेले असते.

गर्भात अन्न कमी पडले की निसर्ग काटकसर करतो. मेंदू आधी वाचवतो, अडचणीच्या दिवसांसाठी चरबी राखतो, आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कात्री लावतो. पुढे आयुष्यभर कमीच खायला मिळाले असते तर हा हिशेब कदाचित जुळला असता. पण मूल मोठे होते, शिकते, नोकरीला लागते, दोन वेळा पोटभर भात आणि चार वेळा साखरेचा चहा घेऊ लागते. आणि मग कमी स्नायूंच्या त्या शरीराला आलेली साखर खपवता येत नाही.

याच विचाराचा पाया इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी घातला होता आणि त्याची हकीकत कारकुनाला विशेष आवडेल अशी आहे. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून पुढे सुईणी आणि आरोग्यसेविका घरोघर जाऊन प्रत्येक बाळाचे जन्माचे व एक वर्षाचे वजन नोंदवहीत लिहून ठेवीत असत. त्या नोंदवह्या सत्तर वर्षे जपून राहिल्या. बार्कर यांनी त्यांतील बाळांचे पुढे काय झाले याचा माग काढला आणि १९८९ साली दाखवून दिले की जन्मतः व पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते ते पुरुष मोठेपणी हृदयविकाराने अधिक मरण पावले. कोणा अनामिक सुईणीने नीट लिहिलेला आकडा सत्तर वर्षांनी कामी आला!

पुण्याच्या त्याच अभ्यासातील आणखी दोन गोष्टी आपल्या भागासाठी फार महत्त्वाच्या आहेत. ज्या माता गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अंगाने बरी भरत. आणि ज्या मातांना शेतात व घरी जास्त कष्टाचे काम होते, त्यांची बाळे लहान भरत. आमच्या चिमूर तालुक्यात आषाढ-श्रावणात धानाच्या रोवणीला कंबरेत वाकून, गुडघाभर चिखलात दिवसभर उभ्या असणाऱ्या बायांत दोन-चार तरी दिवस गेलेल्या असतातच. आमच्या आईनेही आमच्या वेळी शेवटच्या महिन्यापर्यंत रोवणी केली, असे ती कौतुकाने सांगत असे. आम्हीही ते कौतुकानेच ऐकत असू. आता तो प्रसंग आठवला की आमच्या कंबरेचा हिशेब कोणाच्या खात्यावर लिहावा हे समजत नाही. तिच्या खात्यावर तर नक्कीच नाही.

आता चरबीचा हृदयाशी संबंध काय, ते पाहू. चरबी सगळीच वाईट नसते. कातडीखालची, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची चरबी ही कोठारासारखी असते. जादा आलेले तेथे गुपचूप पडून राहते. हे कोठार लहान असले किंवा भरून गेले की माल बाहेर सांडतो, आणि जेथे साठू नये तेथे, म्हणजे आतड्यांच्या भोवती, यकृतात, स्नायूंच्या आत जाऊन बसतो. आतड्याभोवतीच्या चरबीतून सुटलेली स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृत बिघडते, रक्तात ट्रायग्लिसराइड वाढते, रक्तवाहिन्यांना उपकारक असलेले एचडीएल कोलेस्टेरॉल घटते, इन्सुलिनचा हुकूम पेशी मानीनाशा होतात, रक्तदाब चढतो. या साऱ्यांचा परिणाम रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर होतो आणि तेथे थर साचू लागतात. थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली की हृदयाच्या त्या भागाचा पुरवठा तुटतो. हाच झटका.

दुसरी बाजू स्नायूंची. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलणारा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ज्याच्या मांड्या-दंडांत स्नायूच नाही, त्याच्याकडे साखर घेणार कोण? म्हणून काटकुळे हातपाय आणि गोल पोट ही जोडी धोक्याची. फ्रान्सच्या मार्सेय शहरातील डॉ. जाँ व्हाग यांनी चरबी कोठे आहे याला महत्त्व आहे, असे १९४७ सालीच सांगितले होते. लंडनच्या साउथॉल भागात स्थायिक झालेल्या भारतीय उपखंडातील लोकांची तपासणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तेथील गोऱ्यांपेक्षा त्यांचा बीएमआय फारसा वेगळा नव्हता, पण पोटाचा घेर, मधुमेह आणि ट्रायग्लिसराइड जास्त होते. २००४ च्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासात तर स्पष्टच दिसले की झटक्याचा अंदाज बांधायला बीएमआयपेक्षा कंबर व नितंब यांचे गुणोत्तर अधिक उपयोगी पडते. त्याच अभ्यासातून असेही निघाले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना सुमारे ५९ व्या. सहा वर्षे कमी! मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण नेमके याच सहा वर्षांत असते.

तंबाखूचा उल्लेख येथे टाळता येत नाही. इंटरहार्टमध्ये धूम्रपानाप्रमाणेच तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचे प्रमाण दुपटीच्या वर आढळले. चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा खाणाऱ्याला आपण व्यसनी मानतच नाही. पाहुण्याला पाण्याआधी खर्रा पुढे करतो. आमचे सहकारी दिवसाला तीन पुड्या खात. त्या आमच्याही तोंडात गेलेल्या आहेत.

गडचिरोलीतील एक अभ्यास वाचून तर आम्ही थक्कच झालो. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतील डॉक्टरांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतील प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. हिवताप, क्षय, जुलाब यांचे नाव अग्रभागी असेल असा आमचा अंदाज. निघाला मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे जवळजवळ एक. हृदयाचा झटका आणि मेंदूचा झटका ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. दोघांचे मूळ रक्तवाहिन्यांच्या दुखण्यात. लठ्ठ माणूस शोधावा लागेल अशा त्या खेड्यांत ही स्थिती. स्वतः डॉ. अभय बंग यांनाही पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गाठले आणि त्यावरचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे त्यांचे पुस्तक महाराष्ट्रात घरोघर वाचले गेले. आपल्या वाचनालयातही एक प्रत आहे, सध्या कोणाकडे तरी गेलेली आहे.

आता मोजायचे कसे? भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी वेगळ्या मर्यादा ठरवल्या. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ च्या वर लठ्ठपणा. पाश्चात्त्यांसाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या आत, म्हणजे साडेएकतीस इंच. २०२५ च्या जानेवारीत जगातील तज्ज्ञांच्या एका आयोगानेही सांगितले की एकट्या बीएमआयवरून कोणाला लठ्ठपणाचा रोगी ठरवू नये, कंबरेसारखे दुसरे माप सोबत घ्यावे.

येथे एक चूक सर्रास होते. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. आमची पँट ३४ ची, म्हणून आम्ही स्वतःला निर्धास्त समजत होतो. पण पँट पोटाच्या खाली बांधली जाते! सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, श्वास सहज सोडून, टेप न आवळता मोजले तेव्हा आमची कंबर ३७ इंच, म्हणजे ९४ सेंटीमीटर भरली. टेप नसेल तर साधी दोरी चालते. दोरीने आपली उंची मोजा, ती दोरी मधोमध दुमडा आणि कंबरेभोवती फिरवा. टोके जुळली नाहीत, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि दवाखान्याची वाट धरायला हवी. हल्ली बाजारात चरबीची टक्केवारी सांगणारे काटे मिळतात. ते पायातून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून अंदाज करतात. पाणी कमी-जास्त प्यायले तरी त्यांचा आकडा हलतो, म्हणून त्याला फार मान देऊ नये. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी त्यावर उभे राहू नये.

मागील वर्षावासात ग्रंथवाचन आटोपल्यावर आम्ही विहारात ही दोरी फिरवली. आधी हशा झाला. बाया मागच्या खोलीत गेल्या, तेथे एका शिक्षिका ताईंनी मापे घेतली. सर्वांत मोठा धक्का आमच्या बारीक मंडळींनीच दिला. वजनावरून ज्यांना आपण ठीक म्हटले असते त्यांतल्या कितीतरी जणांची दोरी जुळली नाही. एका आजींनी विचारले, "मंग का जेवाचं सोडाव का?" प्रश्न रास्त होता.

जेवण सोडायचे नाही. उपाशी राहून वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही उतरतात आणि आपल्याकडे ते आधीच कमी आहेत. भाताचा ढीग कमी करून त्या जागी डाळ, चणे, मूग, अंडी, बोडीतली मासळी वाढवावी. जवसाची चटणी आणि पालेभाजी आपल्या ताटात पूर्वापार आहेच. साखरेचा चहा, फरसाण, बिस्किटे यांवर कात्री लावावी. आणि चालण्यासोबत ताकदीचे काम हवे. फिरायला जाणे चांगलेच, पण मांड्या-दंडांचे स्नायू नुसत्या फिरण्याने फारसे वाढत नाहीत. बैठका, जोर, खुर्चीवरून हात न लावता उठबस, पाण्याच्या बादल्या उचलणे, यांतले काहीही आठवड्यातून दोन-तीनदा करावे. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून करावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासतात. घरात वडील किंवा भाऊ लवकर गेला असेल, तर तिशीचीही वाट पाहू नये. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणे, थंड घाम असे काही आढळले, तर माणूस कितीही काडी असो, सोडा आणू नये; १०८ ला फोन करावा. नागपूर आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे.

आमचे सहकारी पुन्हा काउंटरवर रुजू झाले आहेत. खर्रा सुटला. सकाळी दोन्ही हातांत वाळूने भरलेल्या बाटल्या घेऊन ते बैठका काढतात, याला त्यांचा धाकटा मुलगा साक्षीदार आहे. गंमत अशी की त्यांचे वजन वर्षभरात दोन किलोने वाढले आणि कंबर चार सेंटीमीटरने उतरली. आमची ९४ ची ९१ झाली आहे. विहारातील कपाटाच्या दारामागे शिंप्याची एक टेप आणि एक वही टांगून ठेवली आहे. वहीत तारीख, उंची, वजन, कंबर असे चार रकाने आखले आहेत. ज्यांना नाव लिहायचे नसेल त्यांनी नुसता क्रमांक टाकावा.